ड्युटीवरचा विठोबा

आमच्या बार्शीत हल्ली दर महिन्याला कुठल्या ना कुठल्या शिबिराचा फलक झळकतो. तीन दिवसांत मनःशांती, पाच दिवसांत आत्मपरिवर्तन. फी आधी भरायची. ज्याला जायचं त्यानं जावं. पण घरदार, कामधंदा बाजूला ठेवून चार दिवस डोळे मिटले की माणूस आतून पालटतो, हे मला पटत नाही. माझी हयात एसटीत कंडक्टरकी करण्यात गेली. माझ्यात जो काही फरक पडला, तो चालत्या गाडीत, रेटारेटीत पडला.

वडील माळकरी. त्यांची वारी कधी चुकली नाही आणि मला ती कधी घडली नाही, कारण आषाढीत एसटीवाल्याला रजा कुठली? सगळा मुलूख पंढरीला निघतो तेव्हा आम्ही जादा गाड्यांवर. एकादशीला पंढरपुरात असूनही देऊळ लांबच. गाडी रिकामी करायची, वेबिल लिहायचं, की परतीची माणसं दारात लोंबकळलेली. याचा मला फार राग यायचा.

वडील सांगायचे, सावता माळ्याकडं बघ. त्यांचं अरण आमच्याच सोलापूर जिल्ह्यात, माढा तालुक्यात. सावतोबा मळा सोडून पंढरीला गेलेच नाहीत, देवच त्यांच्याकडं आला, अशी कथा. आजही आषाढात पांडुरंगाची पालखी अरणला जाते. मी मनात म्हणायचो, सावतोबांचं बरं होतं, भाजीपाला काही उलटून शिव्या देत नाही. प्रवासी देतो.

मग एका आषाढीला परतीच्या गाडीत एक म्हातारी भेटली. पदराच्या गाठीतले पैसे सोडत होती. विचारलं, "आजी, दर्शन झालं का?" म्हणाली, "बारी लई मोठी हाय बाबा. चंद्रभागेत आंघोळ केली, कळस बघितला. घरी खुरपण पडलंय." आणि खुशाल चुरमुरे खात बसली. मी मुद्दाम आणखी दोघा-चौघांना विचारलं. त्यांचंही तेच. दर्शनबारीत उभं राहायला त्यांना सवड नव्हती, आणि त्याची खंतही नव्हती. माझी कुरकुर त्या गाडीतच ढिली पडली. एका दिवसात सगळी गेली असं नाही, पण पुढच्या वर्षी जादा गाडीची ड्युटी लागली तेव्हा मी डेपोत भांडलो नाही.

श्रद्धेचा खरा अभ्यास मात्र सुट्ट्या पैशांनी करून घेतला. सुट्टे नसले की आम्ही तिकिटाच्या मागं बाकी लिहून देतो. अनोळखी माणूस तेवढ्या गिचमिड आकड्यावर भरवसा ठेवून इतका निर्धास्त असतो की त्याचा डोळा लागतो. कुर्डुवाडी आली की तो गडबडीत उतरतो, पैसे विसरतो. त्याला हाक मारायची की डबल बेल द्यायची? वरिष्ठ बघत नाहीत, तपासणीच्या कागदावर ते येत नाही. पत्र्याच्या पेटीपासून तिकिटाच्या मशीनपर्यंत सगळं बदललं, हा प्रश्न रोज तोच राहिला. हाक मारता मारता सवय लागली. सवयीलाच पुढं पुढं मी देवाचं नाव देऊ लागलो. कोणाला हे स्वस्तातलं अध्यात्म वाटेल. वाटू दे.

गाडगेबाबा खराटा घेऊन यायचे. दिवसा झाडलोट, रात्री कीर्तन. आधी खराटा, मग कीर्तन, हा क्रम मला महत्त्वाचा वाटतो. आपण तो उलटा केला आहे. गळ्यात माळ आणि कोपरानं म्हातारीला ढकलून जागा धरणारे मी भरपूर पाहिलेत. २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट झालं, पंचाहत्तरीच्या पुढच्यांना तर त्याच्या आदल्या वर्षापासूनच प्रवास मोफत. त्यावरून त्यांना गाडीत टोमणे मारणारेही कपाळी बुक्का लावलेलेच असतात. अशांना कुठलं शिबिर सुधारणार?

आता निवृत्तीनंतर, वयाच्या सवलतीमुळं मीही अर्ध्या तिकिटाचा प्रवासी आहे. यंदा आषाढीला एसटीनं जाणार असाल तर एवढं करा: खिडकीतून रुमाल टाकून जागा धरू नका, उभ्या म्हाताऱ्या माणसाला बसू द्या, आणि कंडक्टरला जमेल तेवढे सुट्टे पैसे द्या.