टाइल्स नंतर, आधी फ्लशची टाकी

लातूर-नांदेडमध्ये जुने घर विकत घेतले की पहिला हातोडा बाथरूमवर पडतो. बजेट टाइल्स, शॉवर आणि आरशातच संपते. जुनी फ्लशची टाकी मात्र तशीच राहते. चूक होते ती इथेच.

जुनी टाकी एका फ्लशला दहा लिटर किंवा त्याहूनही जास्त पाणी सोडते. दोन बटणांची नवी टाकी तीन किंवा सहा लिटरमध्ये काम भागवते. चौघांच्या घरात दिवसाला वीस फ्लश, त्यांतले चार मोठे, असे धरले तर २०० लिटरऐवजी ७२ लिटर लागतात. म्हणजे वर्षाला सुमारे ४६ हजार ७०० लिटर पाण्याची बचत. १२ एप्रिल २०१६ रोजी मिरजेहून लातूरला आलेल्या पहिल्या पाणी एक्स्प्रेसने सुमारे पाच लाख लिटर पाणी आणले होते. अकरा घरांनी टाक्या बदलल्या तर वर्षभरात तेवढे पाणी वाचते.

टाकीबरोबर कमोडचे भांडेही पाहावे. जुन्या भांड्याची घडण जास्त पाण्यासाठी असेल तर दोनदा फ्लश करावे लागते आणि बचत वाया जाते. टाकी बदलणे तूर्त शक्य नसेल तर निदान गळती तपासावी. टाकीत थोडा खाण्याचा रंग टाकावा. फ्लश न करता अर्ध्या तासात भांड्यात रंग उतरला तर वॉशर बदलून घ्यावा.

रेल्वेने पाणी आणावे लागलेल्या भागात नूतनीकरणाचा पहिला खर्च इथेच व्हायला हवा.