आजीचा पोशाख जावा कुणाकडे?

1872 मध्ये संग्राहक आर्टुर हाझेलियस स्वीडनच्या डालार्ना प्रांतात फिरत असताना गावोगावचे पोशाख झपाट्याने मागे पडताना त्यांना दिसले. स्टोरा टुना इथला एक घागरा त्यांनी विकत घेतला आणि पुढच्याच वर्षी स्टॉकहोममध्ये आपला संग्रह लोकांसाठी खुला केला. आजचे नॉर्डिस्का म्युझियम त्यातूनच उभे राहिले.

त्यांचे ऋण मोठे. पण तेव्हापासून जुना पोशाख म्हणजे संग्रहालयाची वस्तू, हे डोक्यात पक्के बसले. घरातले म्हातारे माणूस गेले, कपाटातून पोशाख निघाला, की वारसांना आधी संग्रहालयच आठवते. तिथे तसलेच पोशाख आधीच असतील, तर नकार मिळतो आणि तो रास्तच असतो.

मुळात हे कपडे एका जागी पडून राहण्यासाठी शिवलेलेच नव्हते. 1734 च्या स्वीडिश कायद्याने मृताच्या मालमत्तेची यादी करणे बंधनकारक झाले. त्या याद्यांत घागरे, चोळ्या, रुमाल किमतीसकट नोंदलेले सापडतात. मग वाटणी व्हायची, नाहीतर लिलाव. डालार्नातल्या लेक्सांडमध्ये तर चर्चच्या सणवारांप्रमाणे आणि सुतकाप्रमाणे ॲप्रन बदलत असे. एका बाईकडे अनेक ॲप्रन असत, ते तिच्यामागे पांगत.

शिवाय कपाटातले सगळेच काही पणजीच्या काळचे नसते. मार्टा यॉर्गेनसेन यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला आखलेला निळा-पिवळा पोशाख कोणत्याच एका गावाचा नाही. स्वीडनच्या राणी सिल्व्हिया 1983 च्या राष्ट्रदिनी तो ल्याल्या, तेव्हा कुठे त्याला राजमान्यता मिळाली. तो कुणीही घालावा.

गावाच्या पोशाखाला मात्र आधी त्याच गावची मुलगी शोधावी. फारच जुना, जीर्ण कपडा असेल तर गोष्ट वेगळी. बाकीच्या कपड्यांची शिवण तिच्या मापासाठी खुशाल उसवावी. चुण्यांच्या घागऱ्यात सहसा भरपूर कापड असते, अडते ती चोळी. तिला बाजूने पट्टी जोडली म्हणून पावित्र्य भंगत नाही. कमरेला बांधायच्या कापडी खिशात एक चिठ्ठी ठेवावी: कुणाचा, कोणत्या पॅरिशचा (चर्चच्या हद्दीचा), कोणता ॲप्रन केव्हा.

विकायचाच झाला तर तोडून विकू नये. स्कोने प्रांताच्या पोशाखावर चांदीची बटणे, चांदीचे पदक असते. सोनाराकडे आधी तेच जाते, आणि मागे उरलेल्या लोकरी कपड्याला मग कुणी विचारत नाही.