नळी असलेल्या मुलाला ताप: उपचाराला योजना आहे, पण गावात ड्रेसिंग कोण करणार?

रक्ताचा कॅन्सर झालेल्या मुलांना घेऊन मुंबईच्या टाटा रुग्णालयात जाणारी अनेक कुटुंबं खेड्यातली असतात. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेतून उपचाराचा मोठा भार उचलला जातो. मात्र दोन केमोच्या मधे मूल गावी येतं, तेव्हा दंडात किंवा छातीत बसवलेली नळीही सोबत येते. खरी काळजी तिथून सुरू होते.

ही सेंट्रल लाइन साध्या सलाइनच्या सुईसारखी नसते. तिचं टोक हृदयाजवळच्या मोठ्या शिरेत असतं आणि ती महिनोन्‌महिने राहते. ड्रेसिंग भिजलं किंवा अस्वच्छ हात लागला, की जंतू नळीत शिरतात. आतल्या बाजूला ते चिकट थर धरतात, तिथे औषधही नीट पोहोचत नाही. जंतू रक्तात पसरले आणि हृदयाच्या झडपेवर बसले, तर चार ते सहा आठवडे शिरेतून औषध द्यावं लागतं. कधी नळी काढावी लागते, कधी जीवावर बेततं.

केमोमुळे पांढऱ्या पेशी कमी झालेल्या असतात. त्यामुळे पू, लाली दिसेलच असं नाही. ताप हीच पहिली आणि कधी कधी एकमेव खूण. नळीत औषध सोडल्यावर थंडी वाजून आली, तर संशय आणखी पक्का.

अशा वेळी घरी तापाची गोळी देऊन सकाळची वाट बघणं महागात पडतं. गोळीने ताप झाकला जातो, जंतू तसेच राहतात. ताप 100.4 फॅरनहाइटला पोहोचला, की रात्र असली तरी उपचार करणाऱ्या रुग्णालयाला फोन करायचा, फाइल घ्यायची आणि 108 बोलवायची. जवळच्या रुग्णालयात 'मुलाला नळी आहे, केमो चालू आहे' हे आधी सांगायचं. रक्ताचं कल्चर घेऊन अँटिबायोटिक लगेच सुरू होणं महत्त्वाचं.

पण सगळा भार आईबापावर टाकून चालणार नाही. अनेक नळ्यांचं ड्रेसिंग दर आठवड्याला बदलावं लागतं. त्यासाठी दरवेळी मुंबई गाठायची, तर मजुरी बुडते. नवजात बाळासाठी आशाताई ठरलेल्या दिवशी घरी येतात. तशीच ठरलेली सोय या मुलांसाठी हवी: ग्रामीण रुग्णालयात एक प्रशिक्षित सिस्टर आणि निर्जंतुक ड्रेसिंगचं सामान. लाखोंचे उपचार वाचवणारी ही मागणी फार मोठी नाही.