पूर्वपक्ष कुणी मांडायचा?

'ऑक्टेव्हियस' हा लॅटिन भाषेतील एक लहानसा संवादग्रंथ. मार्कस मिनुसियस फेलिक्स नावाच्या, रोममध्ये वकिली करणाऱ्या एका ख्रिस्ती विद्वानाने तो इसवी सनाच्या दुसऱ्या शतकाच्या अखेरीस किंवा तिसऱ्याच्या आरंभी लिहिला. मूर्तिपूजक रोमन आणि ख्रिस्ती यांच्यातील तात्त्विक वाद हा त्याचा विषय. युरोपातील भाषांत त्याची भाषांतरे पुनःपुन्हा होत आली आहेत. एकट्या इंग्रजीत १९३१ आणि १९७४ मध्ये नवे, सटीप अनुवाद प्रसिद्ध झाले. असाच एक नवा, संपूर्ण आणि टीपांसह अनुवाद मराठीत व्हावा आणि तो मूर्तिपूजा करणाऱ्या समाजातील अभ्यासकांनी करावा, असे प्रस्तुत लेखकाचे स्पष्ट मत आहे.

हे वाचून काही वाचकांच्या कपाळाला आठी पडेल. ख्रिस्ती मताच्या समर्थनार्थ लिहिलेला ग्रंथ आपण होऊन मराठीत आणावयाचा कशासाठी? मतांतरणाच्या कामाला आपणच साहित्य पुरवावयाचे काय? ही शंका स्वाभाविक आहे. परंतु जो समाज प्रतिपक्षाचा मूळ ग्रंथ न वाचता त्याला उत्तर देऊ पाहतो, तो उत्तर देत नसतो. केवळ आरडाओरड करीत असतो. आरडाओरडीने सभा गाजते, वाद जिंकला जात नाही.

ओस्तियाचा समुद्रकिनारा

ग्रंथाची मांडणी मोठी मनोहर आहे. द्राक्षांच्या हंगामामुळे न्यायालयांना सुटी लागलेली आहे. मिनुसियस, ऑक्टेव्हियस आणि सिसिलियस हे तीन मित्र रोमजवळील ओस्तिया बंदराच्या किनाऱ्यावर पहाटे फिरावयास निघतात. वाटेत सिरापिस देवतेची मूर्ती दिसते. सिसिलियस रोमन रीतीप्रमाणे आपल्या हाताचे चुंबन घेऊन तिला वंदन करतो. आपण रस्त्याने जाताना देऊळ दिसले की नकळत हात छातीशी नेतो, तसेच ते. ऑक्टेव्हियस ख्रिस्ती आहे. तो लगेच मिनुसियसला दोष देतो: आपल्या जिवलग मित्राला अशा अज्ञानात राहू देणे तुला शोभते काय? सिसिलियसच्या मनाला ते लागते. पुढे काही मुले खापराचे तुकडे पाण्याच्या पृष्ठावरून उडवीत खेळत असतात, पण त्याचे त्यांच्याकडे लक्ष नसते. शेवटी तिघे दगडी बांधावर बसतात आणि वाद सुरू होतो. मिनुसियस मध्यस्थ.

सिसिलियसची बाजू आजही वाचण्याजोगी आहे. विश्वाचे अंतिम रहस्य माणसाला निश्चयपूर्वक कळणे कठीण. मग पूर्वजांनी अनुभवाने जपलेला धर्म टाकून देणे हे शहाणपण कसे? रोमने सर्व राष्ट्रांच्या देवतांना आपल्याकडे आदराचे स्थान दिले, म्हणूनच त्याचे साम्राज्य वाढले. स्वतःखेरीज सर्वांचे देव खोटे ठरविणारा हा नवा पंथ कोण? हे प्रश्न हिंदू वाचकाला परके वाटणार नाहीत. त्याच्या आजोबांनी कदाचित हेच प्रश्न विचारले असतील.

हरण्यासाठी उभा केलेला वादी

परंतु याच सिसिलियसच्या तोंडी ग्रंथकाराने आणखी काही घातले आहे. ख्रिस्ती लोक बालहत्या करतात, गाढवाच्या डोक्याची पूजा करतात, रात्रीच्या मेजवानीत अनाचार करतात, अशा त्या काळच्या हीन अफवा. त्या निराधार होत्या, यात शंका नाही. ऑक्टेव्हियस उत्तराला उभा राहतो तेव्हा या अफवा तो सहज उडवून लावतो. अफवा उडाल्या की तिच्या शेजारी उभा असलेला युक्तिवादही उडाल्याचा भास होतो. येथे ग्रंथकारामधला वकील दिसतो.

यातून आपणही एक धडा घ्यावयास हवा. ज्या पक्षाची खरी बाजू ऐकीव निंदेत मिसळली जाते, तो पक्ष आपल्याच हाताने शत्रूला शस्त्र देतो. ख्रिस्ती समाजाविषयी कानोकानी पसरणाऱ्या कंड्या सभांतून सांगणाऱ्यांनी सिसिलियसचा पराभव डोळ्यांसमोर ठेवावा.

मूर्तीविषयीचा ऑक्टेव्हियसचा युक्तिवाद तर आपल्या ओळखीचा आहे. मूर्तीला संवेदना नाही हे उंदीर, पाकोळ्या आणि घारी यांना कळते. ती कुरतडली जाते, तिच्यावर घरटी होतात. ओतली, घडविली, कोरली तेव्हा ती देव नव्हती. सजविली, अर्पिली, प्रार्थिली तेव्हा एकाएकी देव कशी झाली? शिवलिंगावर चढलेला उंदीर पाहून बालपणीच ज्यांच्या मनात हाच प्रश्न उठला, ते स्वामी दयानंद सरस्वती कोणत्याही मिशनचे नव्हते. आपल्या संतांनीही दगडापुढे थांबणाऱ्या भक्तीला फटकारले आहे. हा आक्षेप ख्रिस्ती मताची मिरासदारी नव्हे. आपल्या घरात त्याचा ऊहापोह शतकानुशतके चालत आला आहे.

आणि त्याला उत्तरही आहे. पार्थिव गणपतीपुढे बसणाऱ्या खानदेशातील कोणत्याही गृहस्थाला ते ठाऊक असते. आधी प्राणप्रतिष्ठा, मग पूजा, शेवटी उत्तरपूजा आणि विसर्जन. माती ही मातीच आहे, हे त्याला मूर्तिकाराकडून ती आणताना ठाऊक असते आणि नदीत सोडतानाही ठाऊक असते. ऑक्टेव्हियस ज्या क्षणाबद्दल विचारतो, तो क्षण आपल्या पूजाविधीत उघडपणे सांगितलेला आहे. ओस्तियाच्या बांधावर हे उत्तर कुणी दिले नाही, कारण ते द्यावे अशी ग्रंथकाराची इच्छाच नव्हती. ऑक्टेव्हियसचे भाषण संपते आणि सिसिलियस प्रत्युत्तराचा एक शब्दही न बोलता हार मानतो. मध्यस्थाला निर्णय देण्याची गरजच उरत नाही. दोन्ही बाजू एकाच माणसाने लिहिल्या, एवढाच याचा अर्थ.

सर्वच आरंभीचे ख्रिस्ती संवाद असे नाहीत, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. जस्टिनने दुसऱ्या शतकाच्या मध्यास लिहिलेल्या संवादातील ट्रायफो हा यहुदी शेवटपर्यंत ख्रिस्ती होत नाही; दोघे सौजन्याने एकमेकांचा निरोप घेतात. तो नमुना त्या परंपरेतही होता. टिकला मात्र दुसरा.

ज्यांचे ग्रंथ उरले नाहीत

मूर्तिपूजकांनी उत्तरे लिहिलीच नव्हती काय? लिहिली होती. सेल्सस या तत्त्वज्ञाने इ. स. १७७ च्या सुमारास ख्रिस्ती मताचे सविस्तर खंडन केले. तो ग्रंथ आज स्वतंत्रपणे उपलब्ध नाही. सुमारे सत्तर वर्षांनी ओरिजेनने आठ खंडांत त्याला उत्तर दिले आणि उत्तरासाठी जे उतारे घेतले, तेवढ्यावरून सेल्सस आपल्याला कळतो. पॉर्फिरीने त्याहून मोठे खंडन लिहिले. इ. स. ४४८ मध्ये ते जाळून टाकण्याची राजाज्ञा निघाली. आज त्याचे तुकडेच सापडतात.

सिसिलियसने ज्या सिरापिसला वंदन केले, त्याचे अलेक्झांड्रियातील भव्य मंदिर इ. स. ३९१ च्या सुमारास उद्ध्वस्त करण्यात आले. त्याआधी इ. स. ३८४ मध्ये रोमचा नगरप्रमुख सिमॅकस याने सभागृहातील विजयदेवतेची वेदी परत मिळावी म्हणून सम्राटाकडे विनंती केली. सत्याकडे जाणाऱ्या वाटा अनेक असतात, अशा आशयाचा त्याचा युक्तिवाद होता. मिलानचे बिशप अँब्रोज यांनी विरोध केला आणि विनंती फेटाळली गेली. दुसऱ्या-तिसऱ्या शतकात जे अल्पसंख्य सहिष्णुता मागत होते, त्यांच्या हाती चौथ्या शतकात राजदंड आला आणि सहिष्णुता मागण्याची पाळी दुसऱ्यांवर आली. हा क्रम लक्षात न घेता 'ऑक्टेव्हियस' वाचणे म्हणजे अर्धाच ग्रंथ वाचणे होय. म्हणूनच त्याच्या मराठी अनुवादाला आपली प्रस्तावना आणि आपल्या टीपा हव्यात.

आपल्याकडेही चार्वाकाचे ग्रंथ फारसे उरले नाहीत, असा प्रतिप्रश्न येईल. खरे आहे, आणि ती आपलीही हानीच आहे. परंतु चौदाव्या शतकात 'सर्वदर्शनसंग्रह' रचताना माधवाचार्यांनी पहिले प्रकरण चार्वाकालाच दिले. प्रतिपक्षाचे मत आधी सबळ करून मांडावे आणि मगच सिद्धांत सांगावा, ही पूर्वपक्षाची शिस्त येथल्या शास्त्रव्यवहाराने प्रमाण मानली होती.

मुंबईचा समुद्रकिनारा

महाराष्ट्राच्या वाट्याला असे वाद दोनदा आले. पहिला पोर्तुगीज अमलात. थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइटाचे 'क्रिस्तपुराण' १६१६ मध्ये गोव्यातील रायतूर येथे छापले गेले. त्याची मराठी रसाळ आहे, हे नाकारण्याचे कारण नाही. १९५६ मध्ये शांताराम बंडेलू यांनी त्याची देवनागरी आवृत्ती काढली, तर १९९६ मध्ये फादर कारिदाद द्रागो यांचे आधुनिक मराठी रूपांतर आले. त्या पुराणातही श्रोता प्रश्न विचारतो आणि पाद्री उत्तर देतो. परंतु ज्या सासष्टीत ते सांगितले जात होते, तेथील देवळांचा विध्वंस १५६७ मध्येच झालेला होता. मोकळेपणाने उलट बोलू शकणारा श्रोता तेथे उरला कोठे होता?

दुसरा वाद इंग्रजी अमलात, आणि तो वेगळा ठरला. मोरभट दांडेकरांनी १८३१ मध्ये 'हिंदुधर्मस्थापना' लिहून डॉ. जॉन विल्सन यांना उत्तर दिले. विल्सन यांनी १८३२ मध्ये त्याचे खंडन छापले, पण त्याच्या आरंभी मोरभटांच्या पुस्तिकेचा इंग्रजी अनुवाद जोडला. सेल्ससच्या वाट्याला जे आले नाही ते मोरभटांच्या वाट्याला आले. याचे श्रेय विल्सन यांना द्यावयास हरकत नाही. पुढे १८५७ च्या पूर्वार्धात विष्णुबुवा ब्रह्मचारी मुंबईच्या किनाऱ्यावर मिशनऱ्यांशी जाहीर वाद करीत उभे राहिले. ओस्तियाप्रमाणे येथेही समुद्र होता, दोन पक्ष होते आणि त्या वादाचे पुस्तकही जॉर्ज बोवेन या अमेरिकन मिशनऱ्यानेच प्रसिद्ध केले. फरक एकच. विष्णुबुवा हे कुणाच्या लेखणीतून उतरलेले पात्र नव्हते. ते हाडामांसाचे वादी होते, म्हणून शेवटच्या पानावर त्यांना शरण आणणे कुणालाच शक्य नव्हते.

याच इतिहासातील एक कटू पानही झाकून ठेवू नये. काशीचे नीलकंठशास्त्री गोरे यांनी मिशनऱ्यांच्या आक्षेपांना उत्तर म्हणून 'शास्त्रतत्त्वविनिर्णय' हा संस्कृत ग्रंथ रचला. तेच नीलकंठशास्त्री १८४८ मध्ये ख्रिस्ती झाले आणि 'षड्दर्शनदर्पण' लिहून त्यांनी आपल्या दर्शनांवर टीका केली. त्यांना नावे ठेवून काय साधणार? त्यांच्या तोडीने दोन्ही बाजूंचे मूळ ग्रंथ वाचणारी माणसे आपल्याकडे त्या वेळी किती होती, आणि आज किती आहेत, हा प्रश्न अधिक बोचरा आहे.

खानदेशाचे उत्तरदायित्व

हे काम कुठे व्हावे? खानदेशात व्हावे, असे म्हणण्यास सबळ आधार आहे. १९१६ मध्ये श्रीमंत प्रतापशेठ यांनी अमळनेरला तत्त्वज्ञान मंदिर उभारले. अद्वैत वेदांताचा अभ्यास पाश्चात्त्य तत्त्वज्ञानाशी ताडून पाहत व्हावा, हा त्यामागील हेतू. कृष्णचंद्र भट्टाचार्य तेथे संचालक होते. मलकानी, रासविहारी दास आणि टी. आर. व्ही. मूर्ती यांनी तेथे चिंतन केले आणि १९३३ मध्ये तिघांनी मिळून 'अज्ञान' या विषयावर ग्रंथ काढला. विशेष म्हणजे त्या एकाच ग्रंथात तिघांनी आपापली वेगवेगळी मते मांडली. साने गुरुजीही तेथेच अभ्यासासाठी आले होते. बोरी नदीकाठच्या एका तालुक्याच्या गावी तत्त्वचर्चेची एवढी उंची होती, हे आज जळगाव जिल्ह्यातील किती पदवीधरांना ठाऊक असेल?

धुळ्याची परंपराही तशीच. इतिहासाचार्य राजवाडे यांनी १९२६ च्या अखेरीस तेथे देह ठेवला आणि १९२७ मध्ये त्यांच्या नावे संशोधन मंडळ उभे राहिले. अस्सल कागद पाहिल्यावाचून बोलू नये, हा राजवाड्यांचा दंडक. त्याच शहरात शंकरराव देवांनी समर्थ वाग्देवता मंदिरात रामदासी हस्तलिखिते जतन केली आणि कल्याणस्वामींच्या हातच्या प्रतीवरून दासबोध संपादिला. तो दासबोधही संवादच आहे. श्रोता पावलोपावली आशंका घेतो आणि समर्थ ती टाळत नाहीत.

'ऑक्टेव्हियस'चे स्वतःचे दैव या संदर्भात उद्बोधक आहे. नवव्या शतकातील एकाच हस्तलिखितात तो ग्रंथ तगून राहिला, तोही दुसऱ्याच्या नावावर. नकलकारांनी त्याचे नाव वाचून त्याला अर्नोबियसच्या सात खंडांच्या ग्रंथाचा आठवा खंड समजले होते, कारण लॅटिनमध्ये 'ऑक्टेव्हस' म्हणजे आठवा. १५६० मध्ये एका फ्रेंच विद्वानाने नीट वाचून ही चूक दाखवून दिली. धुळ्याच्या बाडांत डोके घालणाऱ्यांना या श्रमांचे मोल सांगावे लागणार नाही.

२०२४ मध्ये अमळनेरला ९७ वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन झाले आणि त्याच वर्षी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. आनंदच आहे. परंतु अभिजात भाषा केवळ आपले जुने ग्रंथ मोजत बसत नाही. ती जगातील मोठे वाद आपल्या शब्दांत मांडून घेते. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी 'सुबोध बायबल' मराठीत आणले आणि त्यासाठी त्यांना साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. त्यांनी आपल्या श्रद्धेचे काम निष्ठेने केले. आपल्या बाजूने सेल्सस कुणी मराठीत आणला? सिमॅकसची विनंती कुणी अनुवादिली? एवढेच कशाला, मोरभटांची मूळ पुस्तिका किती हिंदू घरांत आहे?

काम अशक्य नाही. विद्यापीठाने लॅटिन जाणणारा एक अभ्यासक आणि न्यायशास्त्र जाणणारा एक शास्त्री यांना दोन वर्षे एकत्र बसवावे. लॅटिनसाठी वसईच्या किंवा गोव्याच्या ख्रिस्ती विद्वानांचे साहाय्य घेण्यात कमीपणा मानू नये. डाव्या पानावर अनुवाद आणि उजव्या पानावर सिसिलियसला देता आले असते ते उत्तर, असा ग्रंथ सिद्ध व्हावा. नवापूर-अक्कलकुव्याकडील वनवासी तरुणासमोर कुणी मूर्तीविषयीचा तोच अठराशे वर्षांपूर्वीचा प्रश्न ठेवला, तर त्याच्या हाती लाठी नव्हे, हा ग्रंथ असावा. मग त्याने विचारपूर्वक काय ते ठरवावे.

ओस्तियाच्या बांधावर आपली बाजू दुसऱ्याने लिहिली. आता ती लिहिण्याचे काम आपले आहे, आणि त्यासाठी आधी दुसऱ्याची बाजू शेवटच्या ओळीपर्यंत वाचावी लागेल.