हँडहेल्ड गेम कन्सोल स्वस्त झाला की खरंच जास्त विकला जातो का? चंद्रपूर-गडचिरोलीचं गणित काय सांगतं?

दिवाळीच्या तोंडावर ऑनलाइन सेल लागतो आणि तुमच्या फीडवर एकच पोस्ट फिरायला लागते, 'अमुक कन्सोलवर इतके हजार ऑफ'. चंद्रपुरातला इंजिनिअरिंगचा पोरगा ती पोस्ट बघतो, एटापल्लीतला बारावीचा पोरगाही बघतो. डिस्काउंट दोघांना सारखाच आहे. तरी पार्सल बहुतेक वेळा एकाच्याच घरी जातं. असं का होतं, ते समजून घेऊ.

आधी एक जुना किस्सा.

80 डॉलर कमी केले आणि गेम फिरला

निन्टेन्डोने 2011 च्या सुरुवातीला थ्रीडीएस हा हँडहेल्ड आणला. जपानमध्ये किंमत होती 25 हजार येन, अमेरिकेत 249.99 डॉलर. सुरुवातीची गर्दी ओसरली आणि विक्री आपटली. एप्रिल ते जून या तीन महिन्यांत जगभरात जेमतेम 7 लाख 10 हजार नग गेले.

कंपनीने ऑगस्टमध्ये थेट किंमत कापली. जपानमध्ये 15 हजार येन, अमेरिकेत 169.99 डॉलर. म्हणजे जपानमध्ये 40 टक्के आणि अमेरिकेत 32 टक्के कपात, तीही लाँचनंतर सहा महिन्यांच्या आत. जपानमध्ये त्याआधीच्या आठवड्यात सुमारे 4 हजार नग विकले गेले होते, कपातीच्या आठवड्यात तो आकडा 2 लाखांच्या जवळ गेला.

पण याची किंमत कंपनीने मोजली. कन्सोल खर्चापेक्षा कमी भावात विकावा लागला. अध्यक्ष सातोरू इवाता यांनी स्वतःचा पगार निम्मा केला. आधी महागात घेतलेले ग्राहक चिडले, म्हणून त्यांना 20 जुने गेम फुकट दिले. मार्च 2012 ला संपलेल्या वर्षात निन्टेन्डोला सुमारे 43 अब्ज येनचा तोटा झाला.

मग थ्रीडीएस वाचला कसा? कपातीनंतर नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये मारिओचे दोन मोठे गेम आले. किंमत बघून लोक दुकानात आले, गेम बघून पुढेही येत राहिले. शेवटी हा कन्सोल साडेसात कोटींच्या वर विकला गेला.

मग सोनीचं काय चुकलं?

सोनीने प्लेस्टेशन व्हिटावर हाच डाव टाकला. फेब्रुवारी 2013 च्या शेवटी जपानमध्ये किंमत 24,980 वरून 19,980 येन केली. आठवड्याची विक्री सुमारे 11 हजारांवरून 60 हजारांच्या पुढे गेली, पण ती उसळी टिकली नाही. मोठे गेम कमी पडले. त्यात मेमरी कार्ड सोनीचंच घ्यावं लागायचं, आणि 32 जीबीचं कार्ड अमेरिकेत लाँचच्या वेळी 100 डॉलरला होतं. डबा स्वस्त, पण आतला खर्च महाग. 2019 मध्ये जपानमधलं उत्पादनही थांबलं.

उलटं उदाहरणही आहे. निन्टेन्डो स्विच 2017 मध्ये अमेरिकेत 299.99 डॉलरला आला. जगभरात 15 कोटींहून जास्त विकला गेला. त्याची किंमत ऑगस्ट 2025 मध्ये चक्क वाढवून 339.99 डॉलर केली. आठ वर्षं जुनी वस्तू महाग झाली! 'थांबू, स्वस्त होईल' हा जुना नियम आता चालेलच असं नाही.

आपल्याकडे टॅक्स कमी झाला तेव्हा?

1 जानेवारी 2019 पासून व्हिडीओ गेम कन्सोलवरचा जीएसटी 28 वरून 18 टक्क्यांवर आला. ऐकायला 10 टक्के, पण हिशोब करून बघा. मूळ किंमत 10 हजार धरली तर आधी 12,800 लागायचे, आता 11,800. म्हणजे ग्राहकाला फरक पडला 8 टक्क्यांच्या आत. जो घेणारच होता त्याचे हजार रुपये वाचले. ज्याच्या खिशात 12 हजार नव्हतेच, त्याच्यासाठी काही बदललं नाही.

आता याच्या शेजारी जिओफोन ठेवा. 2017 मध्ये 1,500 रुपये डिपॉझिट घेऊन आलेला हा फोन 2019 च्या दिवाळीत 699 ला मिळू लागला. कपात निम्म्याहून जास्त. शिवाय 2016 नंतर डेटा स्वस्त झाला आणि मोबाईलवरचे गेम फुकट होते. आपल्याकडे हँडहेल्ड कन्सोलची जागा मोबाईलने घेतली ती अशी. फोन तसाही घ्यायचाच असतो, गेम त्यावर वरून मिळतो.

सेल एका महिन्यात, पैसा दुसऱ्या महिन्यात

आता आपल्या दोन जिल्ह्यांकडे येऊ. चंद्रपुरात वीज केंद्र, कोळसा खाणी आणि बल्लारपूरची पेपर मिल आहे, म्हणजे अनेक घरांत महिन्याचा पगार येतो. पगार असला की हप्ता बसतो, आणि हप्ता बसला की सेल उपयोगी पडतो.

गडचिरोलीत आणि चंद्रपूरच्या पूर्वेकडच्या धानपट्ट्यात पैसा हंगामाने येतो. मार्च-एप्रिलमध्ये मोहफूल, मेच्या आसपास तेंदूपत्ता, आणि धान कापून खरेदी केंद्रावर विकला की त्याचे पैसे. मोठे सेल लागतात सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये. तेव्हा धान शेतातच उभा असतो आणि तेंदूचा पैसा बी-बियाणं, खत, शाळेच्या फीमध्ये गेलेला असतो. एटापल्लीच्या पोराला सेल दिसतो, पण तो चुकीच्या महिन्यात दिसतो.

दुसरी अडचण नंतरच्या खर्चाची. बटण खराब झालं तर दुरुस्ती कुठे? पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा रस्ताच बंद होतो. नेटवर्क अधूनमधून असेल तर काही जीबींचं अपडेट कसं उतरवायचं? गंमत म्हणजे कार्ट्रिजवर चालणारा जुना हँडहेल्ड अशा गावासाठी जास्त सोयीचा होता, त्याला रेंज लागतच नव्हती.

थोडक्यात काय?

किंमत कपात घेणाऱ्याला लवकर घ्यायला लावते. नवा ग्राहक तेव्हाच येतो जेव्हा कपात मोठी असते, पुढचा खर्च झेपणारा असतो आणि घरात पैसा असताना ती येते.

त्यामुळे यंदा 'ऑफ' दिसला की चार गोष्टी लिहून काढा: कन्सोलची किंमत, दोन-तीन गेमची किंमत, मेमरी कार्ड आणि जवळच्या दुरुस्तीच्या ठिकाणापर्यंतचं एसटीचं भाडं. बेरीज करा. ती झेपत असेल तर खुशाल घ्या. नसेल, तर घरात पैसा येईल तो महिना येऊ द्या. काउंटडाउन संपला म्हणून हप्ता अंगावर घेऊ नका, सेल पुन्हा लागतो.