आधी ठिपके, मग रेषा
दिल्लीच्या पुसा परिसरातील कृषी सांख्यिकी संशोधन संस्थेच्या जडणघडणीत पांडुरंग वासुदेव सुखात्मे आणि व्ही. जी. पानसे या दोन मराठी संख्याशास्त्रज्ञांचा मोलाचा वाटा आहे. त्या दोघांच्या १९५४ च्या पुस्तकावर कृषी संशोधकांच्या पिढ्या घडल्या. तेव्हा समाश्रयण रेषेचे, म्हणजे रिग्रेशनचे गणित हाताने करावे लागे. आज ‘आर’ या संगणकीय भाषेत एका ओळीची आज्ञा दिली की रेषा क्षणात उमटते. ही सोय मोठी आहे, पण घाईही तिच्यातूनच येते. समजा, आडव्या अक्षावर खत, उभ्या अक्षावर उत्पन्न आणि प्रत्येक शेताचा एक ठिपका. बागायती शेताला खतही जास्त पडते आणि पाणीही. कोरडवाहू शेते त्यातच मिसळून एकच रेषा ओढली, तर पाण्याचे श्रेय खताच्या खात्यावर जमा होते. दोन्ही गटांना वेगळा रंग आणि वेगळी रेषा द्या. खताचा खरा हिशेब तिथे दिसू लागेल. आणि ठिपके संपतात तिथे रेषाही थांबवा; त्यापुढची माहिती आपल्याकडे नसते. अशा रेषेतून निघालेल्या आकड्यांवर शेतकऱ्याला सल्ला दिला जातो. म्हणून विद्यार्थ्यांनो, आधी ठिपके डोळे भरून पाहा, रेषा मग काढा.