कलम 110 बदला, नाहीतर प्रत्येक खटला चालवायची तयारी ठेवा

राज्याच्या गृह विभागाला आणि प्रत्येक पोलीस ठाण्याच्या प्रमुखाला हा जाहीर इशारा आहे.

ऑगस्ट 2015 मध्ये मुंबईत मढ आणि अक्सा परिसरातल्या हॉटेलांवर पोलिसांनी धाडी घातल्या आणि कित्येक जणांना ठाण्यात नेले. पैसे मोजून घेतलेल्या बंद खोल्यांतून बाहेर काढलेल्या जोडप्यांवर गुन्हा लावला तो सार्वजनिक ठिकाणी असभ्य वर्तनाचा! दंड 1200 रुपये.

हे घडू शकले, कारण 1951 च्या महाराष्ट्र पोलीस अधिनियमाचे कलम 110 तितकेच मोघम आहे. असभ्य काय, बेशिस्त काय, याची व्याख्या त्या कायद्यात कुठेच नाही. ती जागच्या जागी ठरवतो गस्तीवरचा शिपाई. शिवाय त्याच कायद्याच्या कलम 79 खाली, गुन्हा आपल्यासमोर घडला म्हणून तो वॉरंटविना अटकही करू शकतो. मग ठाण्यातल्या बाकावर ताटकळत ठेवायचे आणि ‘घरी फोन लावू का?’ एवढेच विचारायचे. घाबरलेली पोरे दाखवाल तिथे सही करतात. दंड ठोठावते न्यायालय, पण गुन्हा कबूल केल्यावर तिथे तपासायला उरतेच काय? ना पुरावा, ना उलटतपासणी. ज्यांच्यासाठी कुणा नगरसेवकाचा फोन येत नाही, ते फेरीवाले, तृतीयपंथी, रात्रपाळीचे कामगार यात आधी भरडले जातात.

दंगा करणाऱ्याला, बायकांची छेड काढणाऱ्याला जरूर पकडा. त्यासाठी भारतीय न्याय संहितेत स्वतंत्र कलमे आहेत, ती वापरा.

नागपूरच्या येत्या हिवाळी अधिवेशनात दुरुस्ती विधेयक आणा. कोणते कृत्य गुन्हा आणि त्याने कुणाला काय त्रास झाला पाहिजे, हे कलमात स्पष्ट लिहा. बंद दारामागच्या खासगी जागा वगळा. वॉरंटविना अटकेचा अधिकार काढून घ्या.

अधिवेशन संपेपर्यंत हे झाले नाही, तर आमच्यापैकी कुणीही या कलमाखाली गुन्हा कबूल करणार नाही. शिपायाला साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभे राहून नेमके काय पाहिले ते शपथेवर सांगावे लागेल. अटकेची कारणे आम्ही लेखी मागू. अटकेच्या मेमोवर साक्षीदाराची सही आहे का, नातेवाइकाला कळवले का, हे तपासू. यातली शेवटची दोन बंधने डी. के. बसू खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 1996 मध्येच घातली आहेत. त्यातले एक जरी मोडलेले आढळले, तर संबंधित अधिकाऱ्यावर नावानिशी उच्च न्यायालयात अवमान याचिका दाखल होईल.